मावशीच्या फळ्यावरची रेषा

दिवस पहिला : इस्तंबूल

माझ्या मावशीने बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आशिया आणि युरोपची सीमा शिकवताना ती फळ्यावर वरून खाली एक रेषा ओढायची आणि ओढता ओढता म्हणायची, "उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र, बॉस्फोरस, मार्मारा, दार्दानेल्स." मीही तिच्याच वर्गात बसून हे पाठ केलं. निवृत्तीनंतर कुठे जायचंय असं विचारल्यावर ती म्हणाली, "ती रेषा बघायचीय. इतकी वर्षं काढली, पण जमिनीवर ती कशी असते ते मी कधी पाहिलंच नाही." म्हणून हा आठ दिवसांचा प्रवास, रेषेच्या खालच्या टोकापासून सुरू केलेला.

सामान खोलीत टाकलं आणि तडक एमिनोन्यूच्या धक्क्यावर गेलो. इथून कादीकोयची बोट सुटते. धक्का युरोपात, कादीकोय आशियात, आणि मधलं अंतर जेमतेम वीस मिनिटांचं. बोटीत कामावरून घरी निघालेली माणसं होती. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं, कुणी खिडकीला टेकून डुलक्या घेत होतं. खंड बदलतोय याचं कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि का असावं? त्यांचा तो रोजचा रस्ता. मावशी मात्र उघड्या डेकवर कठडा धरून उभी होती. मध्यावर आलो असं वाटलं तेव्हा तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, मग खाली पाण्याकडे पाहिलं. पाणी सगळीकडे सारखंच करडं-हिरवं. समोर हैदरपाशा स्थानकाची जुनी इमारत जवळ येत होती. आशियाच्या टोकावर बांधलेलं, १९०८ सालचं रेल्वे स्थानक. मागे युरोपच्या टोकावर सिर्केजी स्थानक. एका खंडाचे रूळ तिथे संपायचे आणि दुसऱ्याचे इथून सुरू व्हायचे. मधे बोट.

परतीच्या बोटीत मी तिला हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराबद्दल वाचलेलं सांगितलं. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलंय की पृथ्वी एकच असताना तिला तीन नावं का दिली, आणि तीही तीन बायकांची, हे आपल्याला कळत नाही. युरोप, आशिया आणि लिबिया, म्हणजे त्यांच्या भाषेतली आफ्रिका. या सीमा कुणी ठरवल्या तेही आपल्याला समजलं नाही, असं तो म्हणतो. त्या काळी नाईल ही आशिया आणि लिबियाची सीमा धरत. त्यावर त्याचा आक्षेप साधा होता : नदीला सीमा मानलं तर एकट्या इजिप्तचे दोन तुकडे दोन खंडांत पडतात, आणि नदीच्या फाट्यांमधला त्रिभुज प्रदेश कुणाचाच राहत नाही.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मला शिकवायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. मुलं विचारायची ना, बाई, हे कुणी ठरवलं? मी सांगायचे, पुस्तकात आहे."

दिवस दुसरा : बॉस्फोरसचं वर आणि खाली

आज सामुद्रधुनीच्या काठाने उत्तरेला रुमेली हिसारीपर्यंत गेलो. बॉस्फोरस सुमारे ३१ किलोमीटर लांब आहे आणि या ठिकाणी सर्वांत अरुंद, साधारण ७०० मीटर. समोरच्या काठावर आनादोलू हिसारी हा त्याआधीचा छोटा किल्ला. अलीकडचा मोठा किल्ला ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५२ साली बांधून घेतला आणि पुढच्याच वर्षी शहर जिंकलं. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ५१३ च्या सुमारास, पर्शियाच्या दारायसने नावा एकमेकींना जोडून या सामुद्रधुनीवर पूल केला होता. तो सामोस बेटावरच्या मँड्रोक्लीस नावाच्या स्थापत्यकाराने बांधला. तटबंदीवरून पाहताना जाणवतं की इथे पाणी माणसांना तोडणारं कमी आणि पलीकडे बोलावणारं जास्त आहे. दोन काठांवरची घरं एकमेकांच्या खिडक्या मोजू शकतील इतकी जवळ.

पाण्याची गोष्ट मात्र खरोखर बघण्यासारखी. बॉस्फोरसमध्ये दोन प्रवाह एकावर एक वाहतात. काळ्या समुद्राला मोठमोठ्या नद्या मिळतात, म्हणून त्याचं पाणी कमी खारं आणि हलकं. ते वरच्या थरातून दक्षिणेला मार्माराकडे येतं. भूमध्य समुद्राकडचं जास्त खारं, जड पाणी तळाशी राहून उलट उत्तरेला काळ्या समुद्रात शिरतं. लुईजी मार्सिली या तरुण इटालियनाने १६८० च्या सुमारास हे तपासलं. वजन बांधलेला दोर पाण्यात सोडला, दोरावर पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे होते. वरचे तुकडे एका बाजूला ओढले जात होते आणि खोल गेल्यावर तेच तुकडे उलट बाजूला. इथले मासेमार त्याला आधीपासून सांगतच होते.

मावशीने काठावरच्या पायरीवर बसून हे वहीत उतरवून घेतलं. दोन बाण काढले, एक वर, एक खाली, उलट दिशांचे. "खंडांची सीमा पूर्व-पश्चिम, आणि पाण्याची सीमा वर-खाली," असं बाजूला लिहिलं.

दुपारी मार्मारायने खालून गेलो. २०१३ साली सुरू झालेली ही रेल्वे सामुद्रधुनीच्या तळाखालच्या बोगद्यातून जाते. समुद्राच्या पातळीखाली साठ मीटरच्या आसपास. सिर्केजीला बसलो, चार मिनिटांत उस्कुदारला उतरलो. वरच्या पुलावरून बसने परत आलो. तो पहिला पूल १९७३ चा, मधला गाळा १,०७४ मीटरचा. पूल संपताना पिवळी पाटी लागते : युरोपात स्वागत. मावशीने फोटोसाठी फोन वर केला आणि तेवढ्यात पाटी मागे गेली. तिला वाईट वाटलं. "परत जायचं का?" मी विचारलं. "नको. पाटी काठावर लावलीय, रेषेवर नाही," ती म्हणाली.

रात्री नकाशा उघडून बसलो. कितीतरी लोकांच्या डोक्यात असतं की बॉस्फोरस म्हणजे जमिनीची मोठी फट, दोन खंड तिथे वेगळे झाले. तसं नाही. बॉस्फोरस ही समुद्राच्या पाण्याने भरलेली दरी आहे. तिचे दोन्ही काठ एकाच युरेशियन भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एकाच सरकत्या तुकड्यावर आहेत. भूपट्टांची खरी सीमा शहराच्या दक्षिणेला, मार्मारा समुद्राच्या तळातून जाते : उत्तर अनातोलियन भ्रंश. त्या भ्रंशाच्या दक्षिणेचा अनातोलियाचा तुकडा वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटरने पश्चिमेकडे सरकतोय. १७ ऑगस्ट १९९९ चा इझमितचा भूकंप याच भ्रंशावर झाला, हजारो माणसं गेली. म्हणजे काल आम्ही बोटीने जी सीमा ओलांडली तिची जमिनीला खबरही नाही. आणि जमीन जी सीमा पाळते तिच्यावर एक पाटी नाही.

दिवस तिसरा : चनाक्कले

पहाटेची बस. दार्दानेल्स ही दुसरी सामुद्रधुनी सुमारे ६१ किलोमीटर लांब, सर्वांत अरुंद ठिकाणी सव्वा किलोमीटर. '१९१५ चनाक्कले' नावाचा नवा पूल मार्च २०२२ मध्ये खुला झाला. त्याचा मधला गाळा २,०२३ मीटरचा, खुला झाला तेव्हा झुलत्या पुलांत जगातला सर्वांत लांब. बसमधून तो दिसला तेव्हा पाऊस लागला होता आणि लाल मनोऱ्यांची टोकं ढगात गेली होती.

या पाण्यावरही इसवी सनापूर्वी ४८० मध्ये पर्शियाच्या झर्क्सीझने नावांचा पूल बांधला. पहिला पूल वादळाने मोडला तेव्हा त्याने समुद्राला तीनशे फटके मारायला लावले, असं हिरोडोटस सांगतो. दीडशे वर्षांनी अलेक्झांडर इथूनच उलट बाजूला गेला. एकाला युरोपात शिरायचं होतं, दुसऱ्याला आशियात. आशिया-युरोप ही जोडी ग्रीकांच्या मनात का बसली ते इथे कळतं. एजियन समुद्रात उभं राहिलं की एक किनारा सूर्योदयाकडचा, एक सूर्यास्ताकडचा. त्यांच्या जहाजांच्या जगात ती सरळ व्यावहारिक विभागणी होती. अडचण पुढची आहे. समुद्र संपून जमीन सुरू झाली की उत्तरेला ही रेषा न्यायची कुठून?

ग्रीकांनी डॉन नदी धरली, तेव्हाची तानाइस. काहींनी कॉकेशसच्या दक्षिणेची फासिस धरली, म्हणजे आजच्या जॉर्जियातली रिओनी. डॉन पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं चालली. पण डॉन उत्तरेच्या समुद्रापर्यंत पोचत नाही, मधेच तिचा उगम येतो. त्याच्या वर काय? नकाशे काढणाऱ्यांनी आपापल्या अंदाजाने रेघ मारली.

दिवसभर पाऊस. मावशीचा गुडघा दुखत होता म्हणून धक्क्यावरच्या आडोशाला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघितल्या.

दिवस चौथा : विमानतळांवर

इस्तंबूलहून रशियातलं येकातेरिनबर्ग. आज बघण्यासारखं काही नाही, पण विमानाची वाट बघताना झालेलं बोलणं लिहून ठेवतेय.

विषय निघाला, खंड किती? आपण सात शिकलो. लॅटिन अमेरिकेतल्या देशांत मुलं अमेरिका एकच खंड म्हणून शिकतात. ऑलिंपिकच्या ध्वजावरची पाच वर्तुळं १९१३ साली काढली गेली, ती पाच खंडांची. त्यात अमेरिका एक आणि निर्मनुष्य अंटार्क्टिका नाही. म्हणजे संख्येबद्दलही एकमत नाही, मग सीमांचं काय घेऊन बसलात.

मग व्याख्या. "चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला विस्तीर्ण भूभाग," मावशीने वर्गातल्या आवाजात सांगितलं आणि स्वतःच थांबली. कारण या व्याख्येत युरोप बसत नाही, आशिया बसत नाही. आफ्रिकाही सुएझच्या संयोगभूमीने आशियाला जोडलेली होती. १८६९ साली कालवा झाला म्हणून ती बेट झाली असं कुणी म्हणत नाही. दोन्ही अमेरिकांचं तेच. त्यांची सीमा पनामा कालव्यावर धरत नाहीत, बहुतेक जण ती पनामा आणि कोलंबियाच्या मधल्या दारिएनच्या जंगलावर धरतात. आणि विस्तीर्ण म्हणजे किती? ऑस्ट्रेलिया सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, तो खंड. ग्रीनलंड साधारण २१ लाख ६६ हजार, ते बेट. मधे कुठेतरी एक आकडा असायला हवा, पण तो कुणी ठरवलेला नाही. २०१७ साली काही भूवैज्ञानिकांनी झीलंडिया हाही खंड मानावा असं मांडलं. तो ४९ लाख चौरस किलोमीटरचा आहे, फक्त त्यातला ९४ टक्के पाण्याखाली आहे आणि वर दिसतात न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनिया.

आपल्या पुराणांनी हे सोपं केलं होतं. जंबु, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर अशी सात द्वीपं, आणि प्रत्येकाभोवती वेगळा समुद्र. समुद्र संपला की पुढचं द्वीप. शंकेला जागाच नाही. 'खंड' हा शब्द उलट तुकडा सांगतो, एका अखंड गोष्टीचा तुकडा, आणि तुकडा म्हटलं की तो कुठे तोडला हा प्रश्न येतोच.

मावशीने वहीत आणखी एक ओळ लिहिली, ती मला फार पटली. भारतीय भूपट्ट स्वतंत्रपणे दक्षिणेकडून सरकत आला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. त्या टकरीतून हिमालय उभा राहिला आणि अजून उठतोय. जमिनीचा इतिहास बघितला तर वेगळा खंड म्हणवून घेण्याचा हक्क युरोपपेक्षा भारताचा मोठा. तरी तो उपखंड, आणि युरोप खंड.

विमानात ती झोपली. कॉकेशसचा भाग आम्ही वगळलाय याची तिला चुटपुट लागली होती. तिथेही दोन मतं आहेत. सीमा कॉकेशसच्या मुख्य जलविभाजकावरून, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या कण्यावरून नेली तर ५,६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपात पडतो आणि तो युरोपातला सर्वोच्च होतो. ती उत्तरेच्या कुमा-मानिच खोलगट भागातून नेली तर एल्ब्रुस आशियात जातो आणि मान आल्प्समधल्या माँ ब्लाँला मिळतो. शिखर जागचं हलत नाही.

दिवस पाचवा : येकातेरिनबर्ग आणि बेर्योझोवाया डोंगर

हा दिवस आमच्या प्रवासाचं काळीज.

येकातेरिनबर्ग १७२३ साली वसलं. वसवणाऱ्या दोघांपैकी एक वासिली तातिश्चेव. खाणी आणि लोखंडाचे कारखाने बघणारा अधिकारी, आणि भूगोल-इतिहासाचा अभ्यासक. मावशीच्या फळ्यावरची रेषा उरलवर आली ती या माणसामुळे आणि फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबर्ग या स्वीडिश अधिकाऱ्यामुळे. स्ट्रालेनबर्ग १७०९ च्या पोल्तावाच्या लढाईनंतर रशियाच्या कैदेत पडला आणि त्याची कैदेची वर्षं सायबेरियात गेली. तिथे त्याने नकाशे तयार केले. सुटून गेल्यावर १७३० साली स्टॉकहोममध्ये ते पुस्तकासह छापले, त्यात सीमा डॉनवरून उचलून उरलवर आणली. तातिश्चेवचं म्हणणं, ही कल्पना मीच त्याला दिली होती. त्याची कारणंही त्याने दिली : उरलच्या दोन बाजूंना नद्या उलट दिशांना वाहतात, आणि त्या नद्यांतले मासे व काठावरची झाडंही वेगळी.

यामागे काळही होता. झार पीटर द ग्रेटला रशिया युरोपातली सत्ता व्हायला हवी होती. सीमा डॉनवर राहिली असती तर व्होल्गेच्या पलीकडचा सगळा मुलूख, खुद्द कझानसुद्धा, आशियात पडला असता. रेषा पूर्वेला सरकवली आणि तो सगळा युरोप झाला. एकही दगड न हलवता.

शहरातून पश्चिमेला पेर्वोउराल्स्कच्या बाजूला, जुन्या मॉस्को रस्त्यावर बेर्योझोवाया डोंगर आहे. डोंगर म्हणायचा, पण चढ कळतही नाही. फळ्यावर मावशी उरलसाठी करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण काढायची. ती गाडीतून पुनःपुन्हा बाहेर बघत होती. "पर्वत कुठे आहे?" तिने आमच्या वाटाड्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही त्यावरच आहात." सगळीकडे बर्च आणि पाइनची झाडं, रस्ता किंचित वर, किंचित खाली. उरल फार म्हातारा पर्वत आहे. तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वी दोन भूभाग खरोखरच इथे येऊन आदळले आणि जोडले गेले. म्हणजे एके काळी हा खराखुरा सांधा होता. मग कोट्यवधी वर्षांच्या झिजेने तो असा बसका झाला. सर्वोच्च शिखर नरोदनाया, तेही १,९०० मीटरच्या आत. आता इथे भूपट्टांची कसलीच सीमा नाही. एकच युरेशियन भूपट्ट आइसलंडपासून थेट पूर्व सायबेरियापर्यंत पसरलेला आहे.

१८३७ साली रशियाचा युवराज अलेक्झांडर इथून जाणार होता म्हणून डोंगरावर लाकडी खांब उभारला. एका बाजूला 'युरोप', दुसऱ्या बाजूला 'आशिया'. अशा खांबांपैकी सर्वांत जुना हाच धरतात. नंतर तो दगडी झाला, क्रांतीनंतर पाडला गेला, १९२६ साली पुन्हा उभा राहिला, आणि २००८ साली आजचा लाल ग्रॅनाइटचा उंच स्तंभ आला, माथ्यावर दोन तोंडांचा गरुड. जमिनीवर पट्टा आखलाय. मावशी त्यावर दोन पाय दोन बाजूंना ठेवून उभी राहिली, अगदी सगळे राहतात तशी. मी फोटो काढला. तिचे डोळे भरले होते. मी काही बोलले नाही.

मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. पट्ट्याच्या पश्चिमेला थोडं पाणी ओतलं, पूर्वेला थोडं. मातीने दोन्ही पाणी तिथल्या तिथे पिऊन टाकलं. पण तिला त्याचं काही नव्हतं. ती वर्गात सांगायची तसं मला सांगायला लागली, आणि वाटाड्याही ऐकत उभा राहिला, त्याला नद्यांची नावं तेवढी कळत होती. "इथून पश्चिमेला जाणारं पाणी चुसोवायात जातं, चुसोवाया कामाला मिळते, कामा व्होल्गेला, आणि व्होल्गा कॅस्पियनला. पूर्वेला जाणारं इसेतमध्ये, इसेत तोबोलला, तोबोल इर्तिशला, इर्तिश ओबला, आणि ओब आर्क्टिक महासागराला." एका ढगातून पडलेले दोन थेंब, हाताच्या अंतरावर पडलेले. एक वाळवंटाच्या काठावरच्या समुद्रात जातो, एक बर्फाच्या.

वाटाडा चुसोवाया हे नाव ऐकून हसला. ही नदी कुणाच्या नियमात बसत नाही, म्हणाला. तिचा उगम उरलच्या पूर्व उतारावर आहे, आणि ती पर्वतरांग फोडून पश्चिमेला जाते. जलविभाजकाचा नियम लावून रांगेवरून रेषा ओढा, नदी ती ओलांडून निघून जाते.

त्यानेच आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला या प्रवासात सर्वांत मोलाची वाटली. रशियन शाळेत दोन वेगळे शब्द शिकवतात. 'मातेरिक' म्हणजे जमिनीचा सलग मोठा तुकडा. त्यात युरेशिया एकच. आणि 'चास्त स्वेता', शब्दशः 'जगाचा भाग', हा इतिहासाने आणि माणसांनी ठरवलेला. त्यात युरोप आणि आशिया वेगळे, पण अमेरिका एक. दोन्ही याद्या मुलं शिकतात. मावशीने ते दोन शब्द त्याच्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतले आणि देवनागरीत लिहिले. आपल्याकडे दोन्ही कामं 'खंड' या एकाच शब्दावर टाकलीत. सगळा गोंधळ तिथूनच येतो, असं तिचं म्हणणं पडलं.

दिवस सहावा : सतरावा किलोमीटर

शहराजवळच, नव्या मॉस्को रस्त्यावर सतराव्या किलोमीटरला दुसरा स्तंभ आहे, २००४ चा. त्याच्या पायात दोन दगड बसवलेत. एक पोर्तुगालच्या काबो दा रोकाचा, युरोपच्या मुख्य भूमीच्या पश्चिम टोकाचा. एक देझनेव्ह भूशिराचा, आशियाच्या पूर्व टोकाचा. अभ्यासक म्हणतात की खरा जलविभाजक इथून जात नाही. रस्ता सोयीचा म्हणून स्तंभ इथे. आम्ही दहा मिनिटं थांबलो. दगडांना हात लावला. कालच्यासारखं काही वाटलं नाही.

रात्री माग्नितोगोर्स्कची गाडी.

दिवस सातवा : माग्नितोगोर्स्क

पर्वत मागे राहिला, आता नदी. उरल नदी २,४२८ किलोमीटर लांब आहे. तिचं जुनं नाव याइक. इथल्या पुगाचोव्हच्या बंडाची आठवण पुसायला रशियाची सम्राज्ञी कॅथरीनने १७७५ साली ते बदललं. कझाक लोक अजून झायिकच म्हणतात. स्ट्रालेनबर्गच्या रेषेत ही नदी नव्हती, त्याची रेषा खाली येऊन व्होल्गा आणि डॉनकडे वळायची. उरल नदी सीमा म्हणून नंतर रूढ झाली. तीही सर्वमान्य नाही. विसाव्या शतकात सोव्हिएत भूगोलतज्ज्ञांनी उरलचा पूर्व पायथा आणि पुढे एम्बा नदी सुचवली, म्हणजे मधला मोठा पट्टा आणखी युरोपात.

माग्नितोगोर्स्क हे पोलादाचं शहर १९२९ पासून उभं राहिलं, पूर्वेच्या काठावरच्या चुंबकी लोहखनिजाच्या डोंगरासाठी. तो डोंगर खणून खणून जवळजवळ संपलाय. कारखाना डाव्या काठावर, आशियात. नंतरची बरीचशी वस्ती उजव्या काठावर, युरोपात. ट्रॅम नदी ओलांडते. आम्ही सकाळी तीत बसलो. पूल आला, डाव्या हाताला धुराड्यांची लांबच लांब रांग दिसायला लागली. आमच्या शेजारी जेवणाची पिशवी मांडीवर घेतलेला एक माणूस बसला होता. मावशीने खुणेने विचारलं, इकडे युरोप? तिकडे आशिया? त्याने मान हलवली, बोटाने मागे दाखवलं आणि म्हणाला, "दोम." घर. मग पुढे दाखवलं. "राबोता." काम.

उजव्या काठावर १९७९ सालचं पंधरा मीटर उंच शिल्प आहे. कामगार सैनिकाला तलवार देतोय. कामगाराचं तोंड पूर्वेला, कारखान्याकडे. सैनिकाचं पश्चिमेला, जिथे युद्ध होतं तिकडे.

संध्याकाळी ओरेनबर्गची बस धरली. बस दोन तास उशिरा सुटली आणि रात्रभर आमच्या जागेवरची खिडकी नीट लागत नव्हती. मावशीला शालीत गुंडाळून बसवलं.

दिवस आठवा : ओरेनबर्ग

दुपारपर्यंत झोपलो. उन्हं उतरायला लागली तेव्हा नदीवर गेलो. काठावर वैमानिक चकालोवचा पुतळा आहे. १९३८ ते १९५७ हे शहर त्याच्याच नावाने ओळखलं जायचं. पुतळ्यापासून पायऱ्या खाली उतरतात आणि समोर पायी जायचा पांढरा पूल. अलीकडे युरोप, पलीकडे आशिया.

पुलाच्या मध्यावर पोचल्यावर मावशी थांबली. सूर्य मावळत होता, आणि तो बरोबर नदीच्या पात्रात, पाणी जिकडे वाहत होतं तिकडे मावळत होता. तिने आधी सूर्याकडे पाहिलं, मग शहराकडे, मग पलीकडच्या झाडीकडे.

"सूर्य मावळतोय ती पश्चिम," ती म्हणाली. "मग युरोप माझ्या उजव्या हाताला कसा?"

मी फोनवर नकाशा काढून दिला. उरल नदी पर्वतातून निघून दक्षिणेला जाते, ओर्स्कजवळ काटकोनात पश्चिमेला वळते, ओरेनबर्गवरून शेकडो किलोमीटर पश्चिमेला वाहते, आणि कझाकस्तानातल्या ओरालजवळ पुन्हा दक्षिणेला वळून कॅस्पियनकडे जाते. त्या मधल्या टप्प्यात युरोप उत्तरेला आहे आणि आशिया दक्षिणेला. समोरची झाडी, जिला आम्ही इतका वेळ पूर्व समजून बघत होतो, ती दक्षिण होती.

"मी सरळ काढायचे," मावशी म्हणाली. "बत्तीस वर्षं. वरून खाली, सरळ."

"सगळेच सरळ काढतात, मावशी."

तिने उत्तर दिलं नाही. वही कठड्यावर ठेवली, एका हाताने पान धरलं, वारा होता. पेन्सिलीने वरून रेषा आणली. ओर्स्कला थांबून माझ्याकडे पाहिलं, "इथेच ना?" मी हो म्हटलं. तिने पेन्सिल डावीकडे वळवली, हळूहळू नेली, ओरेनबर्गपाशी एक ठिपका काढला, त्याच्या वर 'युरोप' लिहिलं, खाली 'आशिया'. लोक आमच्या मागून जात-येत होते. पलीकडे जायला अजून अर्धा पूल बाकी होता. मी चलायचं का म्हणून विचारलं, तर तिने डावा हात वर करून थांबायला सांगितलं, वर्गात करायची तसा, आणि ओरालचं वळण काढायला घेतलं.